स्वच्छ जहाज

तेलाचा थेंब न घेता परतलेल्या जहाजाला
डंडीच्या धक्क्यावर 'स्वच्छ' म्हणतात.
शिवी नाही ती. शिवी परवडली असती.

मी पेट्री, पिपं बांधणारा.
ओकची फळी वाफेवर वाकवायची,
लोखंडी कडं ठोकत ठोकत खाली बसवायचं,
एवढंच मला येतं.
निघताना तळघरात तीनशे बारा पिपं होती.
ऑगस्ट सरत आला तेव्हाही तीनशे बारा,
सगळी कोरडी.

कप्तान डॅलगार्नो रात्री खाली उतरायचा,
पायात नुसते मोजे, हातात कंदील नाही.
एकेका पिपावर बोटाची पेरं वाजवायचा,
वैद्य छाती वाजवून बघतो तसा,
आणि कान लावून थांबायचा.
मी झोपेचं सोंग घ्यायचो.
टक्. पुढचं. टक्.
गेल्या साली स्वच्छ, त्याच्या आदल्या साली स्वच्छ,
धक्क्यावरच्या बायका त्याला बघून
पोरांना शालीखाली ओढायच्या म्हणे.

उत्तरेकडून बर्फ सरकत होता.
समुद्रावर साय धरू लागली.
मेट म्हणाला, साहेब, आता वळू या.
कप्तान म्हणाला, "अजून एक."
पहिला तरी कुठे होता, हे विचारायची
कुणाची छाती झाली नाही.

मग एका पहाटे बर्फाच्या भेगेत फवारा उठला,
दुभंगलेला, दोन शेंड्यांचा.
होडी उतरली. कप्तान स्वतः सुकाणूवर.
भाल्यापाशी शेटलंडचा लॉरी हालक्रो, अठरा वर्षांचा.
एक मोजा राखाडी, एक तांबडा,
आईची लोकर पुरली नव्हती.
भाला रुतला. देवमासा बर्फाखाली शिरला,
दोर असा धावला की लाकडातून धूर निघाला.
कुऱ्हाड सँडीच्या हातात होती.
एक घाव, की सगळे जहाजावर, गरम चहा.
"तोडू नकोस," कप्तान म्हणाला.
ओरडला नाही, सँडी नंतर सांगायचा,
झोपलेल्या पोराजवळ बोलतात तसं म्हणाला.

मी कठड्यावरून बघत होतो.
होडी बर्फाच्या कडेखाली सरकली,
दाराच्या फटीखालून पत्र सरकवावं तशी.
तिघे वर आले. सँडी. कप्तान.
आणि एक मल्लाह, ज्याने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

सप्टेंबरात बर्फाने जहाज मुठीत धरलं.
नाताळाआधी कोळसा संपला. मग बाकं, मग होड्या.
मग मेटने माझ्याकडे पाहिलं.
मी बांधलेली पिपं मीच सोडली.
कडं उलटं ठोकायचं अवकाश,
फळ्या आपसूक बाहेर पडायच्या,
जणू ताटकळल्या होत्या.
तेल न प्यालेलं लाकूड. तरी बरं जळायचं.
कप्तान शेगडीशी बसून मोजायचा,
दोनशे दहा, दोनशे नऊ,
आणि तळवे शेकायचा.

एक पीप त्याने राखलं. कुणी मागितलं नाही.
मार्चमध्ये एका रात्री हाक आली,
"पेट्री, तू जाणकार. ऐक."
टक्.
मी कान लावला. गाल लाकडाला चिकटला थंडीने.
आत काही नव्हतं, झाकण मीच बसवलेलं.
"भरलंय ना?"
"भरलंय, साहेब. काठोकाठ."

जूनमध्ये मूठ उघडली.
डंडीला त्याने ते पीप स्वतः उतरवलं,
भरलेलं पीप ढकलतात तसं,
पाठ वाकवून, धापा टाकत.
बायका बघत राहिल्या. कुणी हसलं नाही.

आता मी जमिनीवर असतो, हेरिंगची पिपं बांधतो.
मालक म्हणतो, हात चांगला, पण वेळ फार लावतोस.
खरं आहे ते.
शेवटचं कडं बसलं की मी इकडेतिकडे बघतो,
कुणी नसलं तर पेरं वाजवतो.

लॉरीच्या आईने एकदाच विचारलं होतं,
मोजे होते ना त्याच्या पायात?
हो, म्हणालो. दोन्ही.
ते मात्र खरं होतं.